डेरिंग कोणाच्या जिवावर?

कधी कोरेगाव, कधी भिलवडी... पुणे-मिरज मार्गावर जिथे काम निघेल तिथे आमची गँग. त्यात एक गडी आहे. कामाला वाघ, बोलायला गोड. पण गाडीची शिट्टी झाली तरी हा हातातलं काम उरकूनच रुळाबाहेर येणार! पोरं म्हणतात, "काय डेरिंग आहे राव!" मला नाही हसू येत.

ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पाच सेकंद म्हणजे झाले की १४० मीटर! पूर्वी इथे एकेरी मार्ग, डिझेलची धडधड लांबून कळायची. आता दुसरा रूळ पडलाय, विजेची इंजिनं आलीत. एकीकडून मालगाडी खडखडत असताना शेजारची एक्सप्रेस कानाला कळतच नाही. म्हणून दोन्ही रूळ सोडून बाजूला व्हायचं असतं. हा पठ्ठ्या नेमका शेजारच्या रुळावर उभा राहून तंबाखू मळतो.

शिट्टीवाल्याचा एक डोळा मग याच्यावरच. आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं लक्ष हा एकटा खातो. मुकादमाला सांगितलं तर 'चुगलखोर' हा शिक्का. माझ्यावर बसलाय. असो, बसू दे. उद्या पुन्हा कोरेगाव, आणि शिट्टी माझ्याकडे आहे.