तोंड उघडेनासे होण्याआधी

विदर्भातल्या पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. तो गालात धरून ठेवण्याची सवय शाळकरी पोरांपर्यंत पोचली आहे. तिच्यातून जडणाऱ्या आजाराची पहिली खूण जेवताना कळते. तिखट भाजीचा घास घेताच तोंडाची आग होते. पुढे गालाची आतली बाजू पांढुरकी पडते, कडक होते आणि जबडा आखडतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात; आजार बळावलेल्याला एक बोट घालणेही अवघड जाते.

या आजाराचे मूळ मुख्यतः सुपारीत आहे. त्यामुळे तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणाराही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहेच.

व्यसन सोडणे, जबड्याचे व्यायाम, गालात इंजेक्शने आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. त्यांनी तोंड काही प्रमाणात उघडू लागते, पण बळावलेला आजार पुरता मागे फिरत नाही. म्हणून लवकर निदान महत्त्वाचे.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरीही पुड्या मिळतातच. सरकारने बंदी कागदावर न ठेवता पुरवठ्याची साखळी तोडावी आणि शाळांमध्ये दरवर्षी मुलांच्या तोंडाची तपासणी करावी. वाचकांनीही तोंडातला व्रण किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दंतवैद्याला दाखवावा.