कुठलं जंगल?

मंडळी, अप्रेझल झालं की आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी एकच चर्चा, यंदा पार्टी कुठे? मुंबईत ‘एकदा तरी जावं’ अशा महागड्या जागांची यादी आता बरीच लांब झालीय. लोअर परळचं ‘द बॉम्बे कॅन्टीन’ (2015), महालक्ष्मीचं ‘मास्क’ (2016), फोर्टमधलं ‘एका’ (2021)... एवढे पैसे टाकून जावं का? माझं मत विचाराल तर, खुशाल जा. या लोकांनी आपल्याच मातीतल्या जिनसांना ताटात मान दिला. ‘मास्क’ 2023 साली आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत 16 वं होतं, ते काही उगाच नाही.

पण मी पडलो चंद्रपूरचा. कुठल्याही मेनूवर ‘जंगलातून वेचलेलं’ असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठलं जंगल? आणि वेचलं कोणी?

वाइनच्या बाटलीवर द्राक्षमळ्याचं नाव असतं, कॉफीवर इस्टेटचं. मोहाला मात्र गावच नाही! आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बायका भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जातात. पावसाळ्यात वारुळावरच्या सात्या आणि बांबूचे कोवळे वास्ते घरी येतात. ही काही हौसेची जंगल सफारी नव्हे. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या कामात जीव जाऊ शकतो, त्या कामाचं नाव मेनूवर एका ओळीत तरी यायला नको?

‘गावं कुठे ब्रँड होतात?’ असं कोणी म्हणेल. का नाही? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे जुने निर्बंधही राज्याने 2021 मध्ये उठवले. बांबूला जमलं ते मोहाला का जमू नये?

तेव्हा पुढच्या पार्टीला वेटरला एवढंच विचारा, ‘हे कुठल्या गावचं?’ गावाचं नाव मिळालं, तर बिल कितीही येवो, ती जागा जाण्यासारखी. नुसतं ‘आमचा सप्लायर आणतो’ असं उत्तर आलं, तर जेवण मजेत जेवा, पण रिव्ह्यू लिहिताना एक स्टार कापा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर हॉटेलवाला सप्लायरला विचारतो, हे आपल्या धंद्यातही बघतोच की आपण.