महापरिनिर्वाण एक्सप्रेसमध्ये आपला डबा कुठे आहे?

रेल्वेने २००७ साली एक पर्यटक गाडी सुरू केली आणि तिचे नाव ठेवले महापरिनिर्वाण एक्सप्रेस. दिल्लीच्या सफदरजंग स्टेशनवरून निघायचे, सात रात्रींची सहल करायची. बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती पाहून परत दिल्ली. एसीचा पहिला वर्ग, टू टियर, गाडीतच जेवण, सोबत गाइड, उतरल्यावर दारात एसी बस. भाडे डॉलरमध्ये सांगितले जाते. जाता जाता आग्र्याचा ताजमहालही दाखवतात.

आता हेच नाव मूलच्या एखाद्या विहारात घेऊन बघा. महापरिनिर्वाण म्हटले की आमच्या बायांना ६ डिसेंबर आठवतो. धान कापून झालेले असते, मजुरीचे चार पैसे गाठीला असतात. पांढरी साडी, शिदोरीची पिशवी, पोरगं कडेवर. मूल मारोड्याहून पॅसेंजरने चांदा फोर्टला यायचे, तिथून सामान डोक्यावर घेऊन चंद्रपूरचे वेगळे स्टेशन गाठायचे, नाहीतर एसटीने नागपूर. पुढे दादरपर्यंत रात्रभर जनरल डब्यात. गडचिरोलीकडच्या लोकांची तर आणखी गंमत. अख्ख्या जिल्ह्यात वडसा हे एकच स्टेशन, म्हणून काही जण मूललाच येऊन गाडी धरतात. संडासाच्या दारात पेपर अंथरून बसलेल्या साठीच्या बाईला कोणी विचारावे, की आजी, महापरिनिर्वाण एक्सप्रेसमध्ये का नाही गेलात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर. ज्या गाडीला सरकार ‘बौद्ध सर्किट’ची गाडी म्हणते ती या राज्याच्या वाटेलाही जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि दोनच दिवसांनी १६ ऑक्टोबरला आमच्या चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या देशात बुद्ध पुन्हा जिवंत माणसांच्या घरात आला तो इथे. सर्किट काढणाऱ्यांना मात्र बुद्ध हवा आहे, बौद्ध नको आहेत. विटांचे स्तूप परवडतात, कारण ते प्रश्न विचारत नाहीत. ज्या महाबोधी विहाराच्या दारात हे प्रवासी उतरतात त्याच्या व्यवस्थापन समितीत १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, हे गाइड सांगत असेल असे वाटत नाही.

थायलंड, जपान, श्रीलंकेचे उपासक आमचे धम्मबांधव आहेत. त्यांच्या गादीवर आमचा डोळा नाही. त्यांच्याकडून परकीय चलन येते, येऊ द्या. पण गाडीत शांत झोप, स्वच्छ संडास आणि वेळेवर जेवण देणे रेल्वेला जमते, हे या गाडीने सिद्ध केले आहे. मग जमत नाही ते कोणासाठी?

इथे लगेच एक उत्तर येते. तुमचे लोक फुकटे आहेत, बिनतिकीट येतात, रिझर्व्हेशनच्या डब्यात घुसतात. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे ऐकून घ्यावे लागते, आणि आता मोबाइलवर व्हिडिओसकट. तिकीट काढलेच पाहिजे, यात आमचे दुमत नाही, आणि आमच्या गावातले बहुतेक लोक काढतात. पण तिकीट काढूनही पाय ठेवायला जागा नसेल तर माणूस कुठे जाईल? २०२५ च्या कुंभमेळ्यात एसी डब्यांच्या काचा फुटल्या, तरी ती ‘श्रद्धाळूंची गर्दी’ होती. त्यांच्यासाठी रेल्वेने हजारो विशेष गाड्या सोडल्या. चांगलेच केले. तीच गर्दी निळी टोपी घालून आली की गुन्हा होतो, हे कोणत्या नियमात बसते?

आणि पैशाचा मुद्दाही पुरा खरा नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमाकडे तिकीट होते, अंगावर चांगले कपडे होते, गाडीभाड्याला पैसे होते. जात कळल्यावर स्टेशन मास्तर मागे सरला आणि बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर, बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. तेव्हा त्यांनी दिलेला दाखला आजच्या पोरांनी वाचला पाहिजे. आपला माणूस रेल्वेत गँगमन होतो, पण पोर्टर होऊ शकत नाही. कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि अस्पृश्य घरात कसा घेणार! रूळ आपण ठोकायचे, फलाटावर मात्र यायचे नाही. आलिशान गाडीही त्याच रुळांवरून जाते.

आपल्या राज्याचे बघा. पर्यटन महामंडळ आणि रेल्वेची डेक्कन ओडिसी २००४ पासून आहे. भाडे लाखांत, अजिंठा-वेरूळ दाखवते, एका सहलीत ताडोबाही ठेवला होता. ती बंद पडली, तर २०२३ मध्ये थाटात पुन्हा सुरू झाली. आणि नागभीड-नागपूरची छोटी लाइन? मूल-सिंदेवाहीच्या मजुराला नागभीडला बदलून नागपूरला नेणारी ती गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. डेक्कन ओडिसीला झेंडा दाखवला तेव्हाही ती बंदच होती. ताडोबाचा वाघ पाहायला पाहुणा येतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघाने मारले. वाघाशेजारी कोण राहतो आणि गादीवर कोण झोपतो, ते सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

एक गोष्ट आपल्याच नोकरदारांसाठी. १४ एप्रिल २०२३ ला दिल्लीहून बाबासाहेबांच्या नावाची यात्रागाडी निघाली, महू आणि नागपूरही घेतले, सगळे डबे एसी. आपल्यातले काही जण आता असली पॅकेजे घेतात आणि फोटो टाकतात. जरूर जा, कमावले आहे. पण ज्या बाईने दीक्षेनंतर उपाशी राहून तुम्हाला शिकवले ती अजून जनरलच्या दारात लोंबकळते. तिच्या डब्यासाठी एक अर्ज तरी लिहिलात का? मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल जे बोलले ते १४ एप्रिलला स्टेटसला ठेवण्यापुरते नाही.

आमची मागणी साधी आहे. ४ डिसेंबरला गोंदियाहून वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल, चांदा फोर्ट मार्गे दादरला विशेष गाडी, ७ डिसेंबरला तीच परत. निम्मे डबे जनरल, निम्मे साधे स्लीपर, बुकिंग महिनाभर आधी उघडावे. ऑक्टोबरच्या १५ आणि १६ तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीसाठी गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरला जादा डबे. निवेदनाचे कागद तालुक्यातल्या विहारांत ठेवले आहेत, रविवारच्या वंदनेनंतर सही करावी. ज्यांच्याकडे मागच्या ६ डिसेंबरचे तिकीट जपून ठेवलेले असेल त्यांनी त्याची झेरॉक्स सोबत जोडावी.

जय भीम.