दुधाच्या बिलावरचं नाव

कोल्हापुरात कुणी पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन झाल्यावर आम्ही त्याला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेतो. म्हैस समोर उभी, तिथंच धार काढायची आणि फेसाळलेला पेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही या शहराची जुनी रीत. मग तालमींच्या गोष्टी निघतात, पैलवानांच्या खुराकाच्या निघतात. मीही त्या हौसेनं सांगतो. पण जिल्ह्यातलं दूध ज्या हातांनी निघतं, त्या हातांची गोष्ट आमच्या बोलण्यात येत नाही. ते हात बहुतेक बाईचे असतात.

करवीर तालुक्यात आमचं दोन एकरांचं रान आहे. थोरल्या भावानं ते कसलं, मी नोकरीला लागलो. भाऊ गेल्यावर दिवसकार्यासाठी मी गावी सलग पंधरा दिवस राहिलो आणि वहिनींचा दिवस पहिल्यांदाच नीट पाहिला. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून वहीत मांडूनही पाहिला.

पहाटे साडेचारला त्या उठतात. शेण काढणं, आंबोण ठेवणं, रेडकू सोडून म्हैस पान्हावेपर्यंत थांबणं, धार काढणं आणि संस्थेत दूध घालून सातला परत येणं : अडीच तास. बांधावरची वैरण कापून भारा आणणं : दोन तास. दुपारी जनावरांना पाणी पाजणं, धुणं, शेणी थापणं : एक तास. संध्याकाळची धार आणि पुन्हा संस्था : दोन तास. म्हणजे नुसत्या तीन म्हशींचे साडेसात तास झाले. त्यावर उसातली भांगलण चार तास. चूल, धुणं-भांडी मी धरलीच नाहीत. हंगामात उसाचं वाडं मिळतं म्हणून वैरणीची तोशीस थोडी कमी होते, एवढीच सवलत. बँकेत मला रविवार होता. म्हशीला रविवार ठाऊक नसतो. सुतकातसुद्धा धार चुकली नाही.

आता दुसरी बाजू. ऊस आडसाली असेल तर दीड वर्ष रानात उभा असतो. तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण वेळेवर आले तरी त्यातून आधी सोसायटीचं पीककर्ज कापून जातं. उरतं त्याचं लग्न होतं, नाहीतर घराची दुरुस्ती. रोजचा संसार चालतो तो दुधावर. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला 'गोकुळ', स्थापन झाला. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जाऊ लागलं आणि दर दहा दिवसांनी बिल मिळू लागलं. उसानं माणसाला पत दिली असेल, पण पोराची फी, म्हातारीचं औषध आणि तेल-मीठ या दहा दिवसांच्या बिलानं भागवलं. जिल्ह्यातली किती घरं त्यानं तरली, हे गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

आणि त्या बिलावर नाव कुणाचं? आमच्या घरी भावाचं होतं. त्यानं आयुष्यात कधी धार काढली नाही.

याबद्दल भावाला बोल लावायचा मला अधिकार नाही. म्हशींसाठीची कर्जं मी नोकरीत पुष्कळ मंजूर केली. अर्ज नवऱ्याचा, कारण सातबारा त्याचा. बायको शेजारी सहीला, नाहीतर अंगठ्याला. तिच्या व्यवसायाच्या रकान्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहायचो : घरकाम. पुढं पाहणीला गोठ्यावर गेलो की म्हशीच्या कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा नंबर काळजीनं टिपून घ्यायचो. धार काढणारीचं नाव कधी विचारलं नाही. कर्जाचे हप्ते दुधाच्या बिलातून वळते व्हायचे. फेडलं तिनं, आणि पत वाढली त्याची.

भावाच्या मागं वारसनोंदीची वेळ आली. पुतण्या गुणी आहे, आईवर त्याचा जीव आहे. तो म्हणाला, "काका, आईचं नाव आता लावायचं आणि पुन्हा काढायचं, दोनदा कशाला? घर तर एकच हाय." खरं सांगतो, क्षणभर मलाही ते सोयीचं वाटलं. वहिनींना विचारलं तर त्या हसल्या. "भावजी, माझं नाव म्हसरांस्नी ठावं हाय. तेवढं बास."

ते बास नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठची कितीतरी माणसं जनावरं सोडून होडीत बसायला तयार नव्हती. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. पंचनाम्याला जीव कुणी लावला हे कळत नाही, त्याला कागदावरचं नाव लागतं. कर्ज काढताना, म्हैस विकताना, रानाचा तुकडा गहाण टाकताना तेच लागतं. घर एक असतं तोवर नावाचा प्रश्न येत नाही हे खरं. पण घरं दुभंगतात, मुलं व्यसनाला लागतात, सुना-सासवांचं बिनसतं. त्या दिवशी म्हशींची ओळख चावडीत चालत नाही.

वाट नवी नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं. हजारोंनी ते केलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यामागं विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा दिलेलाच आहे. तिथं कायदा कमी पडत नाही. घरातल्याच कुणीतरी पुढं केलेल्या हक्कसोडीच्या कागदावर ती मुकाट सही करते, तिथं गाडी अडते.

आमच्याकडं ती सही झाली नाही. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव मुलगा आणि मुलगी यांच्या बरोबरीनं लागलं. संस्थेतलं सभासदत्वही त्यांच्या नावे झालं. पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी ते पुतण्याकडून वाचून घेतलं, फॅट किती लागली तेवढं विचारलं आणि कागद डब्यात ठेवून वैरणीला गेल्या. त्यांच्या दिवसातला एक तासही कमी झाला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. कष्ट वाटून घेणं हा पुढचा धडा आहे, आणि तो नावाइतका सोपा नाही.

पण नावाचं काम एका दिवसाचं आहे. ज्यांचं गावाकडं रान आहे, गोठा आहे, त्यांनी आज सवडीनं ट्रंकेतला सातबारा आणि दूध संस्थेचं पुस्तक काढून पाहावं. धार कोण काढतं ते घरात सगळ्यांना माहीत असतंच. नाव तिचं आहे का, तेवढंच पाहायचं आहे.