पिकनिकला आलीये की लायब्ररीत?

तुमच्या मोबाइलमध्ये शेवटच्या फॅमिली पिकनिकचे फोटो असतीलच. जरा काढा आणि आई किती फोटोंत आहे ते बघा. ज्यात आहे त्यात ती काय करतेय? डबे उघडतेय, कुणाला तरी हाका मारतेय, नाहीतर सगळ्यांच्या चपला-पिशव्यांशेजारी बसलीये. माझ्याकडच्या एका फोटोत माझी आई पुस्तक वाचतेय. तो मी स्टोरीवरून कधीच काढून टाकलाय. गॅलरीत मात्र अजून आहे आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

आम्ही विचुंबेला राहतो. इथल्यांना रविवारी कुठे जायचं हा प्रश्न फारसा पडत नाही. मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की कर्नाळा. तो अंगठ्यासारखा सुळका शाळेच्या सहलीपासून इतक्यांदा बघितलाय की गावातल्या एखाद्या ओळखीच्या काकांसारखा वाटतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोन गाड्या करून गेलो. आम्ही चौघं आणि मावशीकडचे चौघं. सगळे किल्ल्यावर चढले, आई खाली थांबली. तीनेक तासांनी घामाघूम होऊन उतरलो तर ही झाडाखाली पाय पसरून ‘रारंग ढांग’ वाचत बसलेली. प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी, हिमालयात सीमेवर रस्ते बांधणाऱ्यांची. आम्ही समोर येऊन उभे राहिलो तरी तिनं मान वर केली नाही. ‘‘एवढं पान संपवते हं,’’ म्हणाली.

मला गंमत वाटली. फोटो काढला आणि वर लिहिलं, ‘पिकनिकला आलीये की लायब्ररीत?’ गाडीत बसेपर्यंत हसऱ्या इमोजींची रांग लागली होती. मावशीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले. आईही हसली.

त्यानंतर आम्ही उरणला पिरवाडीच्या बीचवर गेलो, ख्रिसमसच्या सुट्टीत अलिबागला गेलो. आई दोन्हीकडे ‘नीट’ होती. सगळ्यांत मिसळून होती, फोटोंत हसत होती. तिच्या पिशवीत पुस्तक नव्हतं हे मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते मार्चमध्ये, तिच्या पर्समध्ये आधार कार्ड शोधताना. पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयाचं कार्ड हाताला लागलं. दर पंधरा-वीस दिवसांनी एक नोंद, अशी भरत आलेली पानं आणि शेवटची नोंद ऑक्टोबरची. पुढे कोरं.

‘‘वाचनालय बंद केलंस का गं?’’ मी विचारलं.

‘‘बंद नाही केलं. राहिलं.’’

‘‘आणि ते रारंग ढांग?’’

‘‘अर्ध्यावर दिलं परत.’’

मग तिनं भाजी चिरता चिरता जे सांगितलं त्यात रागबिग काही नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. घरात तिला वाचायला वेळ मिळत नाही. सकाळी डबे, मग तिचं ऑफिस, संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास, आल्यावर पुन्हा ओटा. पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की झोप येते. पण आपण बाहेर गेलो की स्वयंपाकघर बंद असतं. गाडी दुसरं कुणीतरी चालवत असतं. पोरं चढायला गेली की तीन तास कुणी हाक मारत नाही. तिची वाचायची वेळ तीच होती.

मला आतापर्यंत वाटायचं, आई पिकनिकला येऊनही वाचत बसते. खरं तर ती पिकनिकची वाट बघायची ती वाचायला मिळतं म्हणून. मी जी स्टोरी टाकली ती तिच्या महिन्याभरातल्या त्या तीन तासांवर टाकली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, सहज केलेली मस्करी होती. होतीच. पण मस्करी कुणाची होते बघा ना. त्याच गाडीत मी जाता-येता कानात इअरफोन घालून होते. भाऊ मागच्या सीटवर गेम खेळत होता. काका जेवल्यावर सतरंजीवर आडवे झाले आणि चक्क घोरले. ह्यातलं कुणीही ‘फॅमिली टाइम’मधून गैरहजर आहे असं कुणाला वाटलं नाही. रोज सकाळी बाबा पेपर उघडतात तेव्हा तर मिक्सर लावायच्या आधीही आपण त्यांच्याकडे बघतो. आईनं पुस्तक उघडलं की मात्र ती आपल्याकडे पाठ करून बसली असं वाटतं. का? तिचं लक्ष ही आपल्याला घरातल्या वायफायसारखी वाटते. कायम चालू हवी, आणि दोन मिनिटं गेली की आरडाओरडा.

(हे फक्त आयांचं नाही. एका मैत्रिणीचे बाबा एसटीत आहेत, ते डेपोत गाडी लागेपर्यंत ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतात. सगळ्या घरानं त्यांना त्यावरून एक नाव पाडलंय. ते इथे छापत नाही.)

या जुलैत आम्ही पेणला गणपतीची मूर्ती बुक करायला गेलो होतो. काम लवकर उरकलं, तर बाबा म्हणाले, इथवर आलोच आहोत तर गागोद्याला जाऊन येऊ. गागोदे पेण तालुक्यातच आहे, विनोबा भावे तिथे जन्मले, ११ सप्टेंबर १८९५ ला. शाळेत विनोबा म्हटलं की भूदान, एवढंच आपण पाठ केलेलं असतं. परत येताना गाडीत बाबांनी ‘गीताई’ची गोष्ट सांगितली आणि मी पहिल्यांदाच इअरफोन काढून ऐकली.

विनोबांच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं, शिक्षण फार झालेलं नव्हतं. त्यांना गीता वाचायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. मुलाला म्हणाल्या, मराठीतली आणून दे. त्यांना ती पद्यात हवी होती, म्हणून त्यानं वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. काही दिवसांनी त्यांनी सांगितलं, हीपण अवघड जाते रे. यापेक्षा सोपी दुसरी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तूच का करत नाहीस? पुढे १९१६ मध्ये विनोबांनी घर सोडलं. १९१८ मध्ये रुक्मिणीबाई गेल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली १९३० च्या ऑक्टोबरात, वर्ध्याला, आणि संपवली १९३१ च्या फेब्रुवारीत.

‘‘म्हणजे जिनं मागितली तिला वाचायला मिळालीच नाही,’’ आई म्हणाली.

‘‘पण लाखो लोकांना मिळाली ना,’’ बाबा.

‘‘हो. ते झालंच.’’

पेणपासून घर येईपर्यंत मी त्या ‘ते झालंच’वर विचार करत होते. विनोबांनी आईसाठी ग्रंथ लिहिला हे मोठंच आहे, ते आपल्याच्यानं होणार नाही, तो विषय सोडा. मला त्यातली अलीकडची, छोटी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. त्या मुलाला आपली आई काय वाचतेय हे माहीत होतं. इतकंच नाही, ती कुठे अडलीये हेही माहीत होतं. कारण ते तिनं त्याला सांगितलं, आणि सांगावंसं वाटेल असा तो मुलगा होता. आता तुम्हाला विचारते. तुमची आई सध्या काय वाचतेय? पुस्तकच असलं पाहिजे असं नाही. दिवाळी अंक असेल, पोथी असेल, मोबाइलवर चालू असलेली एखादी लांबच लांब कथामालिका असेल. त्यात ती कुठवर आलीये? मला मार्चपर्यंत सांगता आलं नसतं.

हे मी एका मित्राला सांितलं तर त्यानं लगेच तोडगा काढला, आईला भिलारला घेऊन जा. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालेलं. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुठेही बसा आणि वाचा. कल्पना झकासच आहे, नेणारही आहे. पण मला आमची गँग माहितीये. अर्ध्या तासात कुणीतरी म्हणणार, ‘‘झालं का वाचून? चला, मॅप्रोला उशीर होतोय.’’ जागा बदलून काय होणार, घड्याळ आमच्याच हातात असलं तर.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मी आठ वर्षांची असताना माथेरानला आई बाकावर वाचत बसली होती आणि मी घोड्यावरून तीनदा हात केला तरी तिचं लक्ष नव्हतं. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. लहान मुलाला आईचे डोळे लागतात, त्यात चूक काही नाही. कदाचित त्या स्टोरीत ते माथेरानचं उट्टंही थोडं असेल. पण दोस्तांनो, आपण आता विशी ओलांडलीये. कर्नाळ्याच्या सुळक्यापाशी उभं राहून आपल्याला कुणी खालून बघायची गरज नाही. तीन तास तिला हाक मारू नका. डबे तुम्ही उघडा, ताटल्या तुम्ही धुवा, ‘माझा चार्जर कुठेय’ हे भावाला विचारा. आणि मदर्स डेला ते यशाच्या सात पायऱ्यांवालं पुस्तक देऊ नका, आधी तिला काय हवंय ते विचारा.

मी उशिरानं विचारलं. ऑगस्टमध्ये वाचनालयातून ‘रारंग ढांग’ पुन्हा आणलं, तिच्याच कार्डावर. अर्ध्यावरून सुरू कर म्हटलं तर म्हणाली, आता पहिल्यापासूनच वाचावं लागेल, माणसं विसरले मी.

परवा तिला म्हटलं, पुढच्या रविवारी कर्नाळ्याला जाऊ, तू निवांत खाली बसून वाच. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, ‘‘दर वेळी खाली काय? तेव्हा पिशव्या होत्या म्हणून बसले, आणि बसले म्हणून वाचलं. यावेळी मी निम्म्यापर्यंत चढणार आणि तिथे सावली बघून वाचणार. पिशव्या तू सांभाळ.’’

‘‘आणि पुढचा रविवार नको, हाच धर,’’ तिनं वर सांगितलं. ‘‘मंगळवारी पुस्तक परत करायचंय. दंड तू भरणार असशील तर बघ.’’