ऑनलाइन लिलावात गाडी विकताय? टोकन आलं म्हणजे पैसे आले असं नाही

एमएच-०९ पासिंगची जुनी गाडी विकायची म्हटलं की आता कोल्हापुरातही आधी ॲप उघडलं जातं. फोटो टाकले, डीलरांनी बोली लावली, टोकन आलं. खरी गोची इथून पुढं.

टोकन म्हणजे नुसता बयाणा. व्यवहार मोडला तर तो परत द्यायचा की नाही, हे मी आधीच लेखी ठरवून घ्यायला सांगतो. ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, डिपॉझिट जमा होईल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

बाकीची रक्कम बँकेतूनच घ्या. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे ‘आज रविवार, उद्या टाकतो’ ही सबब मला पटत नाही. समोरच्याचा स्क्रीनशॉट नको, आपल्या खात्यातला बॅलन्स बघा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर आयकर कायद्यातच बसत नाही.

पण माझ्या मते पैशापेक्षा मोठी जोखीम आरसीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार निकालात गाडी पुढे विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच आली. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९सी भरून ऑनलाइन करता येते. डीलर अधिकृत नसेल तर नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. सही करून कोरे मात्र देऊ नका.