हिंडणं महाग, राहणं स्वस्त

यवतमाळात कुणी परदेशात जाऊन आलं की "कसं होतं?" हे नंतर विचारतात, आधी "किती लागले?" हे विचारतात. मला हा प्रश्न आवडतो. कापसाच्या जिल्ह्यात भाव कळल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा स्वतःचा हिशेब सुरू झालेला असतो. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. आम्ही नवरा-बायको, दोघंही शिक्षक. दिवाळीच्या सुटीत श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन राहिलो, लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकलो. त्याला जेवढे लागले, तेवढ्यात इथल्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयाचं एका दिवसाचं भाडं आणि डेकोरेशन निघतं. जेवणावळ वेगळी.

निघताना सासूबाईंनी विचारलंच, "काहून वो माय, आपल्या इथं पाणी नाही म्हनून तिकडं बुडाले चालली का?" निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली की नळाची वाट पाहणाऱ्या शहरात हा प्रश्न गैर नव्हता.

आमचा मार्ग साधा. एसटीनं नागपूर, तिथून रात्रभराची गाडी चेन्नईला, आणि चेन्नईहून कोलंबो विमानानं दीड तासाच्या आत. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेकडे जाणारी गाडी समुद्राला इतकी खेटून धावते की खिडकीशी बसलेल्याच्या तोंडावर खारा वारा येतो. याच मार्गावर हिक्काडुवाजवळ पेरलिया लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे अख्खी प्रवासी गाडी उलथली आणि सतराशेच्या वर माणसं गेली. आता तिथे उंच बुद्धमूर्ती उभी आहे. श्रीलंका म्हटली की आपल्याकडे काहींना रामायण आठवतं, काहींना बाबासाहेबांनी 1950 साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला लावलेली हजेरी. किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलताना मात्र काळ त्सुनामीच्या आधीचा आणि नंतरचा असा मोजला जातो.

आम्ही उतरलो वेलिगामाला आणि तिथेच राहिलो. सिगिरिया नाही, कँडी नाही, चहाचे मळे नाहीत. ओळखीच्यांना हे पटत नाही. इतक्या दूर जायचं आणि एकाच गावात बसून यायचं? पण खरी बचत इथेच आहे. पाच रात्री, सहा दिवस आणि सात ठिकाणं अशा पॅकेजमध्ये पैसा जातो तो हलण्यावर. रोज गाडी, रोज नवी खोली, रोज रस्त्याकडेच्या त्याच हॉटेलात जेवण जिथे ड्रायव्हरचं ठरलेलं असतं, आणि प्रेक्षणीय स्थळांची डॉलरमधली तिकिटं. समुद्राला तिकीट नाही. एका जागी टिकलं की खोलीचा भाव आठवड्याचा लागतो, फळीचं भाडंही आठवड्याचं लागतं. घरमालकीण चौथ्या दिवशी विचारते, "रात्री आमच्यातच जेवणार का?" मग भात, परिप्पू म्हणजे आपलं वरणच, आणि ओलं खोबरं घातलेला सांबोल. आपल्या एका रुपयात तिथले तीन-साडेतीन रुपये येतात, हा आधार आहेच. पण स्वस्ताई चलनापेक्षा मुक्कामामुळे येते, हे मी पैजेवर सांगेन.

सर्फिंग हा खेळ तर माणसाला थांबायलाच लावतो. लाट तुमच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे येत नाही. तिथे किनाऱ्यावर येणारी मोठी लाट पुष्कळदा हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळात जन्मलेली असते आणि कित्येक दिवस प्रवास करून येते. मोसमाचंही गणित आहे. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात दक्षिण किनारा खवळलेला असतो, तेव्हा सर्फर मंडळी पूर्वेला अरुगम बेला जातात. नोव्हेंबर ते एप्रिल वेलिगामा, हिक्काडुवा, मिरिसाचे दिवस. आम्ही मोसमाच्या तोंडावर पोचलो होतो. दुपारनंतर सर ठरलेली, पण सकाळ मोकळी मिळायची.

वेलिगामाचा उपसागर अर्धगोल आहे आणि तळाशी वाळू आहे, खडक नाहीत. त्यामुळे पडलं तरी हाड मोडत नाही. शिकणाऱ्याला मऊ फोमची, माणसापेक्षा बरीच लांब फळी देतात. ती दोरीनं घोट्याला बांधलेली असते. आधी वाळूवरच पालथं झोपून एका दमात उभं राहण्याचा सराव, मग कमरेइतक्या पाण्यात. मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस घालून उतरले. शिकवणारा पोरगा मला "अक्का" म्हणायचा, आणि चाळिशीतली बाई पाण्यात उतरली याचं त्याला काडीचंही नवल नव्हतं.

नवरा विहिरीत पोहायला शिकलेला, पाठीला डबा बांधून आणि नंतर काठावरून मुटके मारून. मी शहरातल्या तलावात बायकांच्या बॅचला शिकलेली. त्यामुळे तो आधी उभा राहील हे आम्ही धरूनच चाललो होतो. झालं उलट. तो दिसेल त्या लाटेवर तुटून पडायचा आणि खरी लाट येईपर्यंत दमून जायचा. पोरगा ओरडायचा, "सोड, जाऊ दे ती!" मृगाचा पहिला शिडकावा पाहून पेरणी उरकणाऱ्याच्या नशिबी जशी दुबार पेरणी येते, तशी त्याची गत झाली. मला घाई नव्हती. मी लाटा सोडत गेले, आणि एक लाट अशी आली की तिनंच मला उचललं. उभी राहिले ते काही क्षणच, पण पायाखालचं पाणी पुढे धावतंय आणि आपण त्यावर आहोत हे कळण्याइतपत.

जोडप्यानं बेटावर जाऊन समुद्राशी दोस्ती करणं काही नवं नाही. 1936 साली बॉब कोक आणि लुईझ गॅरेट हे अमेरिकन जोडपं बालीच्या कुटा किनाऱ्यावर आलं. त्यांनी तिथेच झावळ्यांच्या छपरांचं हॉटेल काढलं. बालीत सर्फिंग आणलं ते बॉबनं. 1942 मध्ये जपानी सैन्य आलं आणि त्यांना पळावं लागलं. आज त्याच कुटावर पाय ठेवायला जागा नसते. बालीत उतरताना सध्या पाच लाख रुपिया व्हिसाचे आणि फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख रुपिया पर्यटन कराचे भरावे लागतात. आकडे ऐकून घाबरू नका, आपले मिळून साडेतीन हजारांच्या आसपास होतात. मालदीवची गंमत आणखी वेगळी. रिसॉर्टच्या जाहिराती पाहून आपण तो देश श्रीमंतांचा ठरवून टाकला आहे. पण 2009 नंतर तिथल्या वस्तीच्या बेटांवरही गेस्ट हाऊसना परवानगी मिळाली आणि सरकारी फेरीनं स्वस्तात जाता येतं. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा विमानतळावर मोफत आहे. थुलुसधू बेटाजवळच्या एका प्रसिद्ध लाटेचं नाव 'कोक्स' आहे, कारण समोर कोका-कोलाचा कारखाना होता.

आणि कोचीचे विजयन आणि मोहना तर सगळ्यांना ठाऊक असावेत. चहाच्या छोट्या दुकानाच्या कमाईवर या जोडप्यानं 2007 पासून 26 देश पाहिले. विजयन 2021 मध्ये गेले. रोजच्या गल्ल्यातून पैसे बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचं आणि परत येऊन फेडायचं, असा त्यांचा रिवाज. त्यांच्यापुढे माझे हात जोडलेले आहेत, पण कर्जाचा भाग मी उचलणार नाही.

कारण मी यवतमाळात राहते. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशाला कळलं, तिथे फळीवर उभं राहण्याच्या गोष्टी शोभतात का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. ज्याचा कापूस भिजला त्याला मी बेटं दाखवायला जाणार नाही. हे माझ्यासारख्या पगारदारांसाठी आहे. आपण दर वर्षी आहेर, बारसं, वाढदिवसाचे फलक आणि दुसऱ्याच्या बरोबरीचा हॉल यांत जे घालवतो, त्याचा हिशेब कधी मांडत नाही. प्रवासाला मात्र उधळपट्टी म्हणतो.

जायचं मनात आलंच तर काही गोष्टी आधी करा. सरकारी नोकरी असेल तर परदेशी जाण्याची परवानगी वेळेत मागा, कागद टेबलाटेबलांवरून फिरतो. स्कूटर चालवायची असेल तर आरटीओकडून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढा. किनाऱ्यावर पाणी आत ओढू लागलं तर त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग परत या. विहिरीत हे कुणी शिकवत नाही.

पासपोर्ट नसेल तरी अडत नाही. चेन्नईच्या त्याच गाडीनं जाऊन पुढे रस्त्यानं महाबलीपुरम गाठता येतं. तिथेच ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या रमेश बुदिहाळनं आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, आणि तिथल्या मच्छीमारांची पोरं आज शिकवायला बसली आहेत. गोव्यात आश्वे आणि हरमलला पावसाळा सरल्यावर वर्ग चालतात. बेट कुठलंही निवडा, पण एकच निवडा. आणि तिकिटाच्या आधी जवळच्या तलावात पोहण्याच्या बॅचला नाव घाला. बायकांनी तर नक्कीच.